काठोकाठ

हात कितीही थरथरला तरी न सांडणारा कप तिने बाबांसाठी बनवला होता. त्याची क्राउडफंडिंगची मोहीम उद्या उघडणार होती आणि प्रचार कसा करायचा, यावर अजून घोळच चालला होता. नावाजलेल्या डॉक्टरांची शिफारस घ्यायची, जाहिराती द्यायच्या, की सरळ बाबांनाच कॅमेऱ्यासमोर बसवायचं? सकाळपासून ती खिडकी आणि टेबल यांच्यामध्ये येरझाऱ्या घालत होती.

"काकांनाच बसव," प्रचाराचं बघणारा मित्र पुन्हा म्हणाला. "डॉक्टरचं कोण ऐकतंय?"

"माझे बाबा काय दुकानात मांडायची वस्तू आहेत?" ती उखडली.

"अगं, बसतो की मी," आतून बाबांचा आवाज आला. "तू कामावर गेलीस की माझा मीच चहा ओतून घेतो, याच कपातून पितो. एक थेंब सांडत नाही. तेच करून दाखवायचं ना?"

तिचा जीव भांड्यात पडला. बाबा ठेवणीतला पांढरा शर्ट घालून टेबलाशी येऊन बसले. मित्राने कॅमेरा सुरू केला.

"काठोकाठ भर हं. लोकांना दिसलं पाहिजे," तो तिला म्हणाला.

ती चहा ओतू लागली. कप अर्धा झाला तसा बाबांनी आपला थरथरता हात तिच्या मनगटावर ठेवला.

"बास," ते हळूच म्हणाले. "रोज मी एवढाच घेतो गं."