जांभळं घुबड
बायको गेल्यावर तो रंगीबेरंगी प्राण्यांची चित्रं काढू लागला. बरीचशी संग्राहक न्यायचे, काही बालवाडीत जायची. पण हल्ली तिचा चेहरा नीट आठवेना, याची त्याला धास्ती होती. फोटोंत ती नुसतीच अवघडून बसलेली. एका सकाळी संग्राहकानं जांभळं घुबड उचललं. "हेच हवं. काय नजर आहे!" चहा घेऊन आलेली मुलगी दारातच थबकली. "बाबा, हे घुबड म्हणजे आपली आईच! चिखलाचे पाय घेऊन आत आलं, की अश्शीच बघायची." त्यानं निरखून पाहिलं. भुवया चढवून रोखलेले तेच डोळे! म्हणजे त्याचा हात विसरला नव्हता. त्याला हसता हसता रडू फुटलं. "साहेब, तुम्ही जिराफ न्या. हे बालवाडीत जाईल." "घरी नको?" मुलीनं विचारलं. "इथं एकट्या माझ्यावर ती किती डोळे वटारणार? तिथं तीस पोरं आहेत."