टीव्हीवरच्या अक्षता

शालूने फोनवर व्हिडिओ कॉलचं बटण दाबलं आणि नव्या टीव्हीवर कौंडण्यपूरचं देऊळ आलं. कोपऱ्यातल्या लहानशा चौकटीत खाटेवर बसलेले तिचे यजमान भगवंतरावही दिसू लागले.

"पाहा, अकोटात बसून दर्शन," ती म्हणाली.

भगवंतराव आज वावरात गेले नव्हते. दाढी केली होती, इस्तरीचा सदरा घातला होता. कापसाच्या जिनिंगवर जायचंय म्हणाले, पण हलले नाहीत. शालूला तेच हवं होतं. टीव्हीही त्यांनीच परवा आणला, दुकानात "याच्यावर फोन दिसते का?" एवढंच विचारलं. देवच पावला म्हणायचा.

लेक गीतांजली हट्टाला पेटली होती. बाबांच्या अक्षता पडल्याशिवाय श्यामच्या गळ्यात हार घालणार नाही म्हणे. आणि भगवंतराव थोरल्या भावासमोर, खुशालरावांसमोर, बोलून बसले होते की फुलं विकणाऱ्याच्या लग्नात मी पाय ठेवणार नाही. बापलेक दोघंही तसलेच. मधल्यामधे शालूचा जीव टांगणीला लागला, म्हणून तिनेच ही शक्कल काढली.

"गीता कुठं हाये?" भगवंतरावांनी विचारलं.

"दर्शनाच्या रांगेत. फोन तिच्या मैत्रिणीजवळ हाये, प्रतीक्षाजवळ."

प्रतीक्षाने फोन फिरवला. वर्धेचं पात्र दिसलं, घाट दिसला, मग एक मांडव. अंतरपाट धरलेला, नवरी पाठमोरी.

"कोनाचं तरी लगन हाये," शालू म्हणाली. "मंगलाष्टकं कानावर पडली, आता रिकाम्या हातानं कसं बसावं?"

तिने कुंकवाने लाल केलेल्या तांदळाचं ताट पुढे केलं. ते आधीच कसं तयार, हे भगवंतरावांनी विचारलं नाही.

"रुक्मिणीचं माहेर हे," ते म्हणाले. "भावानं मोडता घातला होता. बापाचं काई म्हननं नोतं."

"हो का," शालू म्हणाली. तिचं ध्यान टीव्हीकडे होतं.

तेवढ्यात चित्र थिजलं. शालूने फोन हलवून पाहिला.

"फोन वायफायच्या डब्ब्याजवळ ने," भगवंतराव म्हणाले.

तिने फोन फळीवर डब्याला टेकवून ठेवला, तोंड त्यांच्याकडे करून. चित्र चालू झालं. शेवटचं 'सावधान' ऐकू आलं तसे भगवंतराव उठले आणि मूठभर अक्षता त्यांनी टीव्हीवर टाकल्या. तांदूळ काचेवरून घसरून फरशीवर सांडले.

"पडल्या," टीव्हीतून प्रतीक्षाचा आवाज आला.

अंतरपाट दूर झाला. हार घातले गेले. नवरी वळली, आणि थेट फोनकडे बघून तिने हात जोडले. गीतांजली रडत होती.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. शालूने डोळ्यांना पदर लावला.

"मी फसवलं तुमाले. काय बोलाचं ते मले बोला, पोरीले बोलू नका."

भगवंतराव पडद्याजवळ गेले आणि जावयाच्या गळ्याकडे निरखून पाहू लागले.

"परवा फोनवर श्यामले मी शेवंतीचे हार सांगतले होते," ते म्हणाले. "झेंडूचे कावून आनले?"