तेवीस वेळा

'या टॅबवर हे ॲप घेता येणार नाही' असं पुन्हा उमटलं, तेव्हा तारामतीनं टॅब उशीवर आपटला. आपटला तोही बेतानंच, कारण टॅब लेकीच्या क्लासचा होता आणि फुटला असता तर नवऱ्याला काय सांगायचं हा प्रश्न होता. ती उठली, सकाळीच घासलेला कुकर उगीच पुन्हा घासला, हात पुसले आणि परत येऊन टॅब मांडीवर घेतला.

लातुरातल्या या खोलीत तिला दीड वर्ष होत आलं होतं. लेक सुकन्या डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेची तयारी करत होती. तिला दोन्ही वेळ गरम पोळी मिळावी म्हणून आई भोकरचं घर, शेत, जावा सगळं सोडून इथं आलेली. इमारतीत अशा अकरा आया होत्या. खोलीत टीव्ही ठेवायचा नाही ही मालकाची एक अट, आणि जिन्यात मोठ्यानं बोलायचं नाही ही दुसरी. अकराही जणी दारं लोटून बसायच्या आणि पाण्याच्या टाकीशी गाठ पडलीच तर मानेनंच एकमेकींची खुशाली विचारायच्या.

मालिका आता टॅबवरही दिसतात, टीव्ही लागतो कुणाला, हे शेजारच्या नायगावच्या बाईनं भाजी घेताना सांगितलं होतं. तारामतीचा स्वतःचा मोबाईल बटणांचा. चांगला मोबाईल भोकरला अण्णारावांकडे, कारण क्लासचे निरोप बापाच्या नंबरवर यायचे. सुकन्या दुपारी दोननंतर अभ्यासिकेत जायची आणि तिथं टॅबला बंदी होती. मग टॅब असा समोर लोळत पडलेला असताना बाईमाणसानं किती वेळ भिंतीकडं बघत बसायचं?

तिनं मालिकांचं ॲप शोधलं. मिळेना. मराठीतून लिहिलं, इंग्रजीतून लिहिलं. मग सिनेमांचं शोधलं, गाण्यांचं शोधलं. शेवटी तर क्रिकेटचंही शोधलं, ज्यातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. बाई इरेला पेटली होती. टॅबवर उघडायच्या त्या फक्त प्रश्नपत्रिका.

पाच वाजता अण्णारावांचा फोन आला.

"पोरगी खोलीवर हाय का?"

"अभ्यासिकेत हाय की."

"पांघरूण नको घालू. क्लासचा मेसेज आलाय. दुपारधरनं तेवीस वेळा पिक्चरचे ॲप घ्यायला बघून राहिली ती."

टॅब चुगली करतो हे तारामतीला कुठं ठाऊक होतं? अण्णाराव बराच वेळ बोलत राहिले. पोरीच्या पायी एका घराची दोन घरं करायची पाळी आली, आणि पोरगी तिथं पिक्चर बघते, असं त्यांचं म्हणणं होतं. तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. पण तारामतीच्या तोंडून निघालं, "विचारते तिला," आणि तिनं फोन ठेवून दिला.

भोकरला अण्णाराव ज्याला त्याला सांगत, आमच्या तारामतीनं पोरीसाठी घरदार सोडलं. जावा म्हणत, लातुरात काय, आराम आहे. हे कळलं तर त्यांना सहा महिने दुसरा विषय लागणार नव्हता. तिला आधी जावा आठवल्या आणि लेक नंतर आठवली, याची तिला लाज वाटली.

सुकन्या त्या दिवशी सहालाच आली. दप्तर नीट कोपऱ्यात ठेवलं, पाणी प्यायली. सरांनी अभ्यासिकेतून बोलावून घेतलं होतं. उद्यापासून हुशार पोरांच्या पहिल्या बॅचमध्ये बसायचं नाही, दुसऱ्या बॅचमध्ये बसायचं. पहिल्या बॅचमध्ये जागा मिळावी म्हणून पोरीनं अख्खी दिवाळी या खोलीत पुस्तकात डोकं घालून काढली होती.

"मग तू काय म्हणलीस?" तारामतीनं विचारलं.

"मीच घेऊन बघत व्हते म्हणलं."

"अगं, पण तू तर..."

"मग काय, चार पोरांसमोर तुझं नाव घेऊ?"

आवाजात राग नव्हता. तिनं पुस्तक उघडलं आणि पाठ करून बसली. रागावली असती तर बरं झालं असतं, असं तारामतीला वाटलं. चहाखालचा गॅस तिनं बंद केला आणि फोन लावला.

"पोरीनं न्हाई केलं ते. मी केलं. सरांना आत्ताच्या आत्ता फोन लावा आन् तसं सांगा."

अण्णारावांना खरं वाटेना. आई लेकीला वाचवते आहे, दुसरं काय, असं ते म्हणाले. तेव्हा तारामतीनं कोणकोणतं ॲप शोधलं ते एकेक करून सांगितलं. क्रिकेटपर्यंत आल्यावर त्यांना पटलं. सुकन्यानं पुस्तकातून मान वर केली होती.

"लावतो सरांना," अण्णाराव म्हणाले. "पण ते इचारतील. तेवीस वेळा बघायसारखं काय व्हतं त्यात, काय सांगू?"

तारामतीला मालिकेचं नाव सांगायचं होतं. ते तोंडापर्यंत आलंही होतं.

"काईबी चाललं असतं," ती म्हणाली. "खोलीत कुणीतरी बोलून राहिलेलं पायजे व्हतं."