कोरे हातमोजे

दसऱ्याला बाबांनी पाटावर पक्कड, टेस्टर आणि रबरी हातमोजे मांडले. ऑफिसातून दोन वर्षांपूर्वी मिळालेले हातमोजे अजून कोरे होते. त्यांच्यावर डाग होते ते फक्त हळदकुंकवाचे.

"लाईनमनचे हातमोजे आहेत की देवाचे?" मी चिडवलं.

"ते घालून नट धरता येत नाही गं. लाईन बंद केल्याशिवाय मी चढतो का? आणि करंट मला ओळखतो." बाबा हसले. मीही हसले. शाळेत मी हेच वाक्य मैत्रिणींना ऐटीत सांगायची.

दुसऱ्या दिवशी ते लाईन बंद करून खांबावर चढले. तेवढ्यात कोपऱ्यावरच्या मंगल कार्यालयानं जनरेटर सुरू केला आणि त्याचा करंट बंद तारांमध्ये उलटा आला. हातमोजे घरी पाटावरच होते.

तेराव्याला बाबांचे जोडीदार सातपुते काका सगळ्यांना सांगत होते, "उघड्या हातानं काम करायचा आमचा दादा. असली छाती कुणाची नाही." लोक माना डोलवत होते. माझ्या हातातलं ताट आपटावंसं वाटलं.

काकांना फोन आला. मागच्या गल्लीत तार तुटली होती. ते लगेच उठले. मी दारात आडवी उभी राहिले.

"काका, तुमचे हातमोजे कुठे आहेत?"

"घरी. दसऱ्याला पूजेत ठेवले, ते तिथेच आहेत."

"आधी घरी जा. ते घाला, खराब होऊ देत." बाबांना एकदाही न म्हटलेलं मी मोठ्यानं म्हणाले, "मला भीती वाटते."