कॅमेऱ्याचा भाता

गोंदियाला आलेल्या साहेबाचा कॅमेरा पाहून जवळच्या मुर्री गावच्या इंदरलालनं तसाच मोठा, सागवानी कॅमेरा घरीच बनवला. त्याचा भिंगामागचा घड्याघड्यांचा चामडी भाता थोरल्या बायकोनं, दुलारीनं शिवला. आत उजेडाचा कणही शिरू नये म्हणून तिनं बोटांची चाळण करून घेतली. पहिल्या फोटोला मात्र त्यानं तिच्या सवतीला, गोमतीला नटवून बसवलं. दुलारीच्या अंगाचा तिळपापड झाला. फोटो काढून झाल्यावर तो उमटलेली काच पेटीत बंद करून इंदरलाल रसायनं कालवायला आत गेला, तेव्हा तिनं झाकण उघडून काचेला ऊन दाखवलं. रसायनात काच धुतली तर काळीठिक्कर! "भात्यातून उजेड शिरला," इंदरलाल चिडला. "तुही शिलाईच कच्ची. आता गोमती शिवंल." गोमतीनं सुई मागितली. दुलारीनं सुई मुठीत घट्ट आवळली. "माह्या शिलाईले काऊन नावं ठेवून राहिले?" ती कडाडली. "काच मीनंच उन्हात उघडली! भाता माहाच राहील."