कनात

संस्थान विलीन झालं त्या उन्हाळ्यात आकाराम दर शनिवारी गडमुडशिंगीहून चालत कोल्हापूरच्या रेसकोर्सवर यायचा, तो एकट्या रूपमती घोडीसाठी. आज शेवटच्या वळणावर ती जॉकीसकट कोसळली. माणसं धावली, भोवती कनात उभी राहिली. पाय मोडलेल्या घोड्याला कनातीआड गोळी घालतात, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं डोळे मिटून कानांत बोटं घातली.

“वाजली का गं गोळी?” त्यानं शेजारी उभ्या बायकोला विचारलं.

बायडाबाईनं नवऱ्याचा हात कानावरून खाली ओढला. “अवं, बघा की! उठली तुमची रूपमती!”

घोडी लंगडत कनातीबाहेर आली. सगळं मैदान ओरडलं. आकारामनं तर पटकाच हवेत उडवला.

बायडाबाई तेवढी अजून कनातीकडंच बघत होती. “मग कनात अजून का काढंनात?”

आकारामचा हात वरच्या वर राहिला. घोडीची पाठ रिकामी होती. जॉकीला हाक मारायला त्यानं तोंड उघडलं. रूपमतीची आई, बाप, आजा, सगळे त्याला तोंडपाठ होते. त्या गड्याचं नाव मात्र उन्हाळाभरात त्यानं कधी विचारलंच नव्हतं.