स्वतःलाच मत?

साधनाने रचलेला ऑनलाइन गेम एका स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत पोहोचला होता. त्यात प्रत्येक खेळाडूने एकेका गावकऱ्याची भूमिका घ्यायची आणि सगळ्यांनी मिळून पुरातून गाव वाचवायचं. आता निकाल स्पर्धेच्या साइटवरच्या सभासदांच्या मतांवर होता. जिंकणाऱ्याला थेट नोकरी, आणि मतदान संध्याकाळी पाचला बंद.

सकाळी पंचवटीतल्या सायबर कॅफेत ती मत द्यायला बसली, तेव्हा तिची आई मंगलाबाई मागून म्हणाली, "स्वतःलाच मत देतात का कुठं? बरं नाय दिसत." साधनाने निमूटपणे शेवटच्या फेरीतल्या दुसऱ्या स्पर्धकाला, चेन्नईच्या एका मुलाला, मत दिलं.

दुपारी तीनला ती त्याच्यापेक्षा फक्त एका मताने मागे होती.

"एवढंच ना? थांब." मंगलाबाई फुलांची पाटी शेजारणीकडे सोपवून गेली आणि अख्खा फुलबाजार कॅफेत घेऊन आली. कॅफेवाला किशोर एकेकीला सभासद करून देत होता, बायका घाबरत माऊस दाबत होत्या, साधनाची नजर घड्याळावरून हटत नव्हती. पाचच्या ठोक्याला ती तीस मतांनी पुढे होती. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

सव्वापाचला निकाल लागला. साधना एका मताने हरली.

"आन् आपली एवढी मतं?" मंगलाबाईने विचारलं.

"बाद केली. एका कॅफेतून एकच मत धरतात, सगळ्यात आधी दिलेलं."

"मग आपल्यातलं कुणाचं धरलं?"



"सकाळचं. माझं."